क्रोशाची पहिली उठावदार वीण: मुका खांब आणि खांब आलटून पालटून

साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके जमायला लागले की सपाट विणकामाचा कंटाळा येतो आणि काहीतरी उठावदार करावंसं वाटतं. बरेच जण मग थेट बॉबल विणायला घेतात आणि तिथेच अडकतात. बॉबलमध्ये एकाच टाक्यात पाच अर्धवट खांब घालायचे असतात, सुईवर सहा लूप जमतात, आणि दोऱ्याचा ताण अजून हातात बसलेला नसल्यामुळे ते सहाच्या सहा वेगवेगळ्या मापाचे होतात. पहिली उठावदार वीण अशी निवडावी की जिच्यात नवा टाका शिकावाच लागत नाही.

तशी एक वीण आहे. एक मुका खांब, एक खांब, पुन्हा एक मुका खांब, एक खांब, अशी सगळी ओळ विणायची. पुढच्या ओळीत मुक्या खांबावर खांब आणि खांबावर मुका खांब घालायचा. झाली वीण. परदेशी पॅटर्नमध्ये हिला ‘लेमन पील’ म्हणतात. हिचं कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, त्यात भोकं राहत नाहीत, आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक बारीक उंचवटे सगळीकडे उठतात.

उठाव येतो कसा, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या सगळ्या सूचनांचं कारण कळेल. खांब उंच असतो, मुका खांब ठेंगणा. दोन ठेंगण्या टाक्यांच्या मध्ये उंच टाका आला की त्याला सरळ उभं राहायला जागा पुरत नाही. वरच्या ओळीत त्याच्या डोक्यावर ठेंगणा टाका बसतो, शेजारी खाली ओढतात, आणि तो कापडाच्या बाहेर फुगतो. काम दर ओळीला उलटवत असल्यामुळे एका ओळीचे फुगवटे एका बाजूला आणि पुढच्या ओळीचे दुसऱ्या बाजूला जातात. म्हणजे सगळा खेळ दोन टाक्यांच्या उंचीतल्या फरकाचा. हा फरक ज्या ज्या चुकीने मारला जातो, त्या त्या ठिकाणी वीण सपाट पडते.

काय घ्यायचं

शिकताना मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिकट एकरंगी लोकर किंवा सूत घ्या. वेष्टनावर जाडीचा आकडा छापलेला असेल तर ४ क्रमांकाची. काळ्या किंवा गडद निळ्या रंगात टाक्याचं डोकं, म्हणजे वरची दोन धाग्यांची जोडी, दिसत नाही, केसाळ लोकरीत ते सापडत नाही, आणि अनेक रंग फिरत जाणाऱ्या लोकरीत उठाव रंगांच्या गर्दीत हरवून जातो. नमुन्यासाठी सूत उत्तम, कारण ते ताणलं जात नाही आणि टाके ठसठशीत उठतात. ५० ग्रॅमच्या गुंड्यात खाली दिलेला चौकोन आरामात होतो.

सुई ५ मिमीची. तुमचा हात घट्ट असेल तर ५.५ मिमी घ्या. पायाच्या साखळीसाठी याहून अर्ध्या मापाने (म्हणजे अर्ध्या मिमीने) मोठी एक सुई जवळ असेल तर फार बरं. ती का, ते पुढे येईल. याशिवाय कात्री, दोऱ्याची टोकं ओवायला बोथट टोकाची जाड सुई, मोजपट्टी आणि खूण करायला दोन सेफ्टी पिना. खुणेसाठी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही चालतो.

दोन्ही टाके एकदा तपासून घ्या

मुका खांब असा: सुई टाक्यात घाला, दोरा घेऊन बाहेर ओढा, सुईवर दोन लूप होतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्ही लूपांतून एकदम काढा.

खांब असा: आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घाला, दोरा घेऊन बाहेर ओढा. सुईवर तीन लूप झाले. दोरा घ्या, पहिल्या दोन लूपांतून काढा; दोन उरले. पुन्हा दोरा घ्या, त्या दोहोंतून काढा.

वाचताना पॅटर्न कुठल्या देशातला आहे ते बघायची सवय लावा. आपला मुका खांब अमेरिकी पॅटर्नमध्ये सिंगल क्रोशे असतो, पण ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्यालाच डबल क्रोशे म्हणतात. आपला खांब अमेरिकेत डबल क्रोशे, ब्रिटनमध्ये ट्रेबल. ही गल्लत झाली तर एकूण टाके बरोबर असूनही कापड भलतंच होतं.

आता डोळ्यांची तयारी. मुक्या खांबाचं डोकं म्हणजे इंग्रजी व्हीसारखी दोन धाग्यांची जोडी, आणि खाली दांडा जवळजवळ नसतोच. खांबाचंही डोकं तसंच, पण खाली लांब दांडा असतो आणि त्या दांड्याच्या मध्यावर एक तिरकी पट्टी दिसते. सुरुवातीला घेतलेल्या वेढ्याची ती पट्टी. पट्टी दिसली की खांब, नाही दिसली की मुका खांब. ही एक ओळख पक्की झाली की ओळीच्या मध्ये फोन वाजला, उठून जावं लागलं, तरी परत येऊन कुठे होतो ते विणीकडे बघूनच कळतं. आमच्या मते या विणीची खरी कमाई हीच: तुम्ही टाके मोजण्याबरोबर ते वाचायलाही शिकता.

पायाची साखळी

एकूण टाके सम संख्येत हवेत. साखळ्या त्याहून एक जास्त. नमुन्यासाठी २४ टाके धरू, म्हणजे २५ साखळ्या. सरकगाठ मोजायची नाही, सुईवरचा लूपही मोजायचा नाही.

साखळी सैल हवी. नवख्या हाताची साखळी हमखास घट्ट होते आणि मग पहिली ओळ विणताना सुईचं टोक आत शिरत नाही. कशीबशी ओळ झालीच, तरी कापडाचा खालचा काठ आवळलेला आणि वरचा भाग पसरलेला राहतो. धुऊन, ताणून हा दोष जात नाही. म्हणून साखळी अर्ध्या किंवा एका मापाने मोठ्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीला आपली सुई घ्या. दुसरी सुई नसेल तर प्रत्येक साखळी सुईच्या आकडीजवळच्या निमुळत्या भागावर न करता मागच्या जाड दांड्यावर सरकवून करा, माप आपोआप मोठं येईल.

पहिली ओळ

साखळीला पीळ बसलेला नाही ना, ते पाहा. समोरची बाजू व्हींच्या रांगेसारखी दिसते, मागच्या बाजूला बारीक गाठींसारखे उंचवटे असतात. सुईवरचा लूप सोडून पहिली साखळी वगळा आणि दुसऱ्या साखळीत मुका खांब घाला. या मुक्या खांबाच्या डोक्यात लगेच सेफ्टी पिन अडकवा. पुढच्या साखळीत खांब, तिच्या पुढच्या साखळीत मुका खांब, असं शेवटपर्यंत. साखळीत सुई घालताना वरचा एक धागा आणि मागचा उंचवटा असे दोन धागे सुईवर आले तर काठ मजबूत होतो. ते जमेना तर नुसता वरचा धागा घ्या, पण मग सगळ्या ओळीत तसंच करा. मध्येच पद्धत बदलली की काठावर लहानमोठी भोकं दिसतात.

शेवटच्या साखळीत खांब यायला हवा. बारा मुके खांब, बारा खांब, एकूण २४. शेवटी मुका खांब आला असेल तर एक साखळी सुटली आहे किंवा एकीत दोनदा टाके पडले आहेत. इथेच उसवा. पहिल्या ओळीतली चूक पुढे नेऊन निभावत नाही.

ही ओळ बघायला फार वेडीवाकडी असते. काठ करवतीसारखा वरखाली दिसतो, उठाव औषधालाही नसतो. हे असंच व्हायला हवं.

दुसरी ओळ, आणि पुढच्या सगळ्या

काम उलटवा. एक साखळी घाला. ही साखळी फक्त उंची गाठण्यासाठी आहे, ती टाका म्हणून मोजायची नाही. आता पहिला मुका खांब अगदी पहिल्याच टाक्यात, म्हणजे मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबाच्या डोक्यात. सुई डोक्याच्या दोन्ही धाग्यांखालून गेली पाहिजे. या नव्या मुक्या खांबात दुसरी पिन लावा. पुढचा टाका मागच्या ओळीतला मुका खांब आहे, त्यावर खांब. त्यापुढचा खांब आहे, त्यावर मुका खांब.

असं करत शेवटाला पोहोचलात की पिन लावलेला मुका खांब समोर येईल. त्याच्यात या ओळीचा शेवटचा खांब घाला आणि पिन काढून घ्या. पुन्हा उलटवा, एक साखळी, पहिल्या टाक्यात मुका खांब.

लिहून ठेवायला एवढंच पुरे: काम उलटवा, १ साखळी, * पुढच्या टाक्यात मुका खांब, त्याच्या पुढच्यात खांब *, ताऱ्यांमधला भाग ओळ संपेपर्यंत. प्रत्येक ओळ मुक्या खांबाने सुरू होते आणि खांबाने संपते. सम संख्या धरण्याचा फायदा हा की सम ओळ वेगळी, विषम ओळ वेगळी अशी भानगडच राहत नाही.

पिना कंटाळवाण्या वाटतात, पण निदान पहिल्या दहा ओळी त्या सोडू नका. या विणीत सगळ्यात जास्त हुकणारा टाका म्हणजे ओळीचा शेवटचा. तो ज्याच्यात घालायचा, तो मागच्या ओळीचा पहिला मुका खांब आहे, म्हणजे मुळातच ठेंगणा. शेजारच्या खांबाच्या दांड्याने झाकलेला असतो आणि उलटवताना घातलेल्या साखळीला चिकटून बसतो. काही जण तो न दिसल्याने आधीच थांबतात, तर काही जण त्याच्यात खांब घालून झाल्यावर साखळीतही एक टाका घालतात. पहिल्या प्रकारात कापड निमुळतं होत जातं, दुसऱ्यात पसरत जातं. पिन असली की दोन्ही टळतं.

तिसऱ्या ओळीपर्यंत काही दिसत नाही. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर बोट फिरवलं की खडबडीतपणा जाणवतो, आणि सहाव्या ओळीला नक्षी डोळ्यांना दिसू लागते. त्याआधी ‘आपलं चुकतंय’ म्हणून उसवायची घाई करू नका.

मोजायचं ते टाक्यांच्या जोड्यांत मोजा. मुका-खांब एक, मुका-खांब दोन, असं बारापर्यंत. २४ टाके सुटे मोजण्यापेक्षा हे सोपं जातं आणि जोडी मोडली की लगेच खटकतं.

चौकोन पूर्ण करताना

५ मिमी सुई आणि मध्यम लोकरीवर १० सेंटीमीटरमध्ये साधारण १३ ते १४ टाके बसतात, म्हणजे २४ टाक्यांची रुंदी १७ ते १८ सेंटीमीटर होते. तेवढ्याच उंचीला साधारण १८ ते २० ओळी लागतात. पण प्रत्येकाच्या हाताचा ताण वेगळा असतो, त्यामुळे ओळींच्या आकड्यावर विसंबू नका. खालचा एक कोपरा उचलून तिरकी घडी घाला. खालचा काठ बाजूच्या काठावर नीट बसला आणि टोकाला टोक भिडलं की चौकोन झाला.

शेवटच्या टाक्यानंतर दोरा १५ सेंटीमीटर सोडून कापा आणि लूपमधून ओढून घ्या. किनार करणार असाल तर मात्र कापू नका. बाजूचे काठ या विणीत थोडे नागमोडी राहतात, कारण तिथे एका ओळीत मुका खांब आणि पुढच्या ओळीत खांब येतो. मुक्या खांबांची एक फेरी फिरवली की ते सरळ होतात. बाजूने विणताना टोकाला मुका खांब असलेल्या ओळीत १ मुका खांब, टोकाला खांब असलेल्या ओळीत २, म्हणजे दर दोन ओळींना ३. वरच्या आणि खालच्या काठाला टाक्यामागे एक, आणि कोपऱ्यात एकाच ठिकाणी ३. किनार झालरीसारखी लहरायला लागली तर टाके जास्त झालेत, आत वळून वाटीसारखी झाली तर कमी पडलेत.

दोऱ्याची टोकं बोथट सुईने टाक्यांच्या आतून आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला ओवा. एकाच दिशेला ओवलेलं टोक दोन-तीन धुण्यांत बाहेर येतं, सुताचं तर हमखास. मध्येच गुंडा संपला तर नवा दोरा ओळीच्या शेवटी जोडा: शेवटच्या खांबाचे सुईवर दोन लूप उरले की जुना दोरा सोडून त्या दोन लूपांतून नवा दोरा काढा, मग उलटवून पुढे चला. ओळीच्या मध्ये गाठ मारू नका, उंचवट्यांच्या मधून ती टोचत राहते.

काय बिघडतं आणि का

उंचवटे नाहीसे होऊन उभ्या पट्ट्या दिसू लागल्या तर कुठेतरी मुक्या खांबावर मुका खांब आणि खांबावर खांब पडू लागला आहे. याचं मूळ त्याच ओळीत शोधा जिथून पट्टी सुरू होते. ओळीच्या सुरुवातीपासून टाके वाचत जा. जिथे एक टाका सुटलाय किंवा एकात दोन पडलेत, त्या जागेपर्यंत खालची नक्षी बरोबर असेल, पुढे सगळी एका घराने सरकलेली असेल. तिथपर्यंत उसवायला लागतं, मधला मार्ग नाही. म्हणूनच दर ओळीच्या शेवटी एक सेकंद थांबून बघा: शेवटचा टाका खांबच आहे ना, आणि तो मुक्या खांबावरच बसलाय ना? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तर ओळ जवळजवळ नक्की बरोबर आहे. जवळजवळ म्हणायचं कारण, एका ओळीत दोन चुका झाल्या तर शेवट बरोबर येऊ शकतो. म्हणून दर चार ओळींनी जोड्या मोजाव्यात.

टाके बरोबर, पण उठावच नाही, असं झालं तर हात सैल आहे किंवा सुई मोठी आहे. सैल विणीत खांबाला ऐसपैस जागा मिळते, मग तो फुगत नाही. अर्ध्या मापाने लहान सुई घ्या. याउलट कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं, सुई आत घालायला जोर लागू लागला, तर मोठी सुई घ्या. सुई तीच ठेवून हात सैल सोडायचा प्रयत्न करण्यापेक्षा हे बरं, कारण लक्ष ठेवून सोडलेला ताण दहा टाक्यांनंतर पुन्हा आवळतो. खांब विणताना पहिला लूप ओढायची उंची मात्र दर वेळी सारखी हवी. एक खांब लांब, एक आखूड झाला की उंचवटे लहानमोठे दिसतात.

कापडावर मध्येच एक आडवी रेघ उठलेली दिसली तर त्या ओळीत सुई डोक्याच्या दोन धाग्यांऐवजी एकाच धाग्यातून गेली आहे. आणखी एक घोटाळा असा की टाक्याचं डोकं दांड्याच्या अगदी वर नसतं, किंचित बाजूला सरकलेलं असतं. दांडा बघून सुई घालणारा माणूस हमखास शेजारच्या टाक्यात घालतो किंवा दोन टाक्यांच्या फटीत घालतो. फटीत पडलेल्या टाक्याखाली भोक दिसतं, त्यावरून तो ओळखता येतो. नेहमी डोकं बघा.

बाजूचा काठ फुगून गोल कान बाहेर आलेले दिसले तर उलटवताना एकाऐवजी दोन किंवा तीन साखळ्या पडत आहेत. खांबाने सुरू होणाऱ्या विणींत तीन साखळ्यांची सवय लागलेली असते, ती इथे आड येते.

दोरा फाटून सुईच्या आकडीत अर्धाच येत असेल तर तो सैल पिळाचा आहे. सुई थोडी गोल टोकाची घ्या, नाहीतर घट्ट पिळाचा दोरा घ्या.

धुणं आणि इस्त्री

झालेला चौकोन पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये दाबून घ्या, पिळू नका. सपाट जागेवर हाताने आकार देऊन वाळू द्या. ताणून पिना ठोकू नका. जितकं ताणाल तितके उंचवटे बसतात. आणि इस्त्री टेकवायची नाही. सुताचं कापड दाबून सपाट झालं तर पुन्हा धुतल्यावर बरंचसं सावरतं, पण ॲक्रिलिक लोकरीला गरम इस्त्री किंवा जवळून वाफ लागली की तिचे तंतू कायमचे ढिले पडतात. तो उठाव परत येत नाही.

हाच हिशेब मोठ्या कामाला

रुंदी ठरवायची असेल तर आधी वरचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि मग मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. काठाजवळ मोजू नका. समजा १४ टाके आले आणि ३० सेंटीमीटर रुंद काम हवंय, तर ४२ टाके, साखळ्या ४३. विषम आकडा आला तर एक टाका वाढवा किंवा कमी करा, या मापात एका टाक्याचा फरक जाणवत नाही. मफलरसाठी हीच वीण ५.५ किंवा ६ मिमी सुईवर घ्या. उठाव थोडा कमी होतो, पण कापडाला झोळ येतो आणि गळ्याभोवती ते नीट बसतं. हात पुसायच्या फडक्याला उलट ५ मिमीचीच घट्ट वीण हवी, तिचा खडबडीतपणा तिथे उपयोगी पडतो. गरम भांडं धरायला एक पदर पुरत नाही. दोन चौकोन एकावर एक ठेवून चारही बाजूंनी मुक्या खांबांनी जोडा, आणि त्यासाठी सूतच वापरा. ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं.

टोपी किंवा गळपट्टा गोल विणायचा असेल तर सम संख्येचा नियम उलटा करा. काम न उलटवता, फेरी न जोडता गोल गोल विणत जा आणि एकूण टाके विषम ठेवा, उदाहरणार्थ ८१. एक मुका, एक खांब हा क्रम कुठेही न तोडता चालू ठेवला की विषम संख्येमुळे प्रत्येक फेरीत मुका खांब आपोआप खांबावर येतो आणि खांब मुक्या खांबावर. फेरीची सुरुवात कळावी म्हणून पिन मात्र लावलेली ठेवा. इथे काम उलटवलं जात नसल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत; चार-पाच फेऱ्या झाल्यावर दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून बघा आणि जास्त उठाव असलेली बाजू बाहेर ठेवा.